आज्जीचा नियम, सदलग्याचे महाराज आणि कुंडलपूरचे बडे बाबा

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट आधी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं का लिहितेय ते कळणार नाही. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही आमच्या आजूबाजूला, आणि त्या वर्षी दोन्ही नद्या एकदम अंगावर आल्या. मी पुण्यात होते, फोन लागत नव्हते, तिसऱ्या दिवशी धाकट्या काकांचा फोन लागला तेव्हा कळलं की सगळ्यांना बोटीतून काढून जयसिंगपूरला एका शाळेत आणून ठेवलंय. सगळे ठीक आहेत, फक्त आज्जी काही खात नाहीये. आजारी आहे का विचारलं तर काका म्हणाले, आजारी नाही गं, दर्शन झालं नाही म्हणून खात नाही.

आज्जीचा नियम आहे. लग्न होऊन आली त्या वर्षी कुठल्यातरी त्यागींकडून, म्हणजे घरदार सोडलेल्या जैन साधूंकडून घेतलेला, की बस्तीत जाऊन देवाचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. (आमच्या भागात जैन मंदिराला बस्ती म्हणतात, बाहेरच्या लोकांना ते कायम वस्तीच वाटतं.) साठ वर्षं तिचा हा नियम चाललाय आणि घरात कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही, सकाळी ती वाटीत तांदूळ घेऊन जायची आणि परत येऊन चहा प्यायची, एवढंच. आणि त्या दिवशी बस्तीत छातीभर पाणी. बोटीत बसताना ती म्हणत होती म्हणे, आदी बस्तीकडनं घ्या. बोटवाल्या पोरांनी कसं ऐकावं? मग संध्याकाळ व्हायच्या आत काकांनी कुणाची तरी मोटरसायकल मागून तिला जयसिंगपूरच्या बस्तीत नेलं, दर्शन झालं, मग तिने पाणी प्यायलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई.

तेव्हा मला तिचा राग आला होता, खरं सांगते. एवढ्या पुरात असला हट्ट कशाला असं वाटलं. पुढे तीन वर्षांनी तिलाच घेऊन कुंडलपूरला गेले आणि तिथली गोष्ट ऐकली तेव्हा तो राग कुठल्याकुठे गेला.

कुंडलपूर म्हणजे मध्य प्रदेशात दमोह जिल्ह्यातलं सिद्धक्षेत्र. आम्ही जबलपूरपर्यंत ट्रेनने गेलो आणि पुढे गाडी केली. डोंगराची रांग कानातल्या कुंडलासारखी गोल वळलेली म्हणून कुंडलपूर, मधे वर्धमान सागर नावाचा तलाव आणि डोंगरावर, पायथ्याशी अशी मिळून 63 देवळं. शेवटचे केवली, म्हणजे केवलज्ञान झालेले, श्रीधर स्वामी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे. आणि या सगळ्यात मोठे म्हणजे बडे बाबा, पद्मासनातली सुमारे 15 फुटांची आदिनाथ भगवंतांची, म्हणजे पहिल्या तीर्थंकरांची मूर्ती. पूर्वी बरीच वर्षं लोक ही मूर्ती महावीरांची समजायचे, कारण सिंहासनावर सिंह कोरलेत आणि सिंह हे महावीरांचं लांछन, म्हणजे त्यांच्या मूर्तीची ओळखीची खूण. पण खांद्यावर केसांच्या बटा उतरलेल्या आहेत आणि खाली गोमुख यक्ष आणि चक्रेश्वरी यक्षी आहेत, आणि हे सगळं आदिनाथांचंच. सिंहासन म्हटलं की सिंह असणारच, ते लांछन नव्हे. हे मला तिथल्या एका दादांनी बोट दाखवून दाखवून समजावलं आणि एकदा कळल्यावर मग माझी नजर त्या बटांवरून हलेना.

तर गोष्ट अशी. साधारण सव्वातीनशे वर्षांपूर्वी सुरेंद्रकीर्ती नावाचे भट्टारक, म्हणजे जैन मठाचे प्रमुख, शिष्यांना घेऊन बुंदेलखंडातून फिरत होते. त्यांचाही नियम होता, जिनदर्शन झाल्याशिवाय आहार नाही. आणि त्या रानात त्यांना देऊळ सापडेना. उपवासावर उपवास पडत गेले. शेवटी कुणीतरी सांगितलं की त्या डोंगरावर झाडीत एक मूर्ती आहे, ते वर चढले आणि बघतात तर देऊळ पडलेलं, दगड इकडेतिकडे विखुरलेले आणि त्या ढिगाऱ्यात बडे बाबा शांत बसलेले. दर्शन झालं. मग त्यांच्या शिष्याने ठरवलं की हे देऊळ पुन्हा उभं करायचं, आणि त्यासाठी तो भिक्षा मागत फिरला. काम पुरं व्हायच्या आधी तो गेला. मग नेमिसागर नावाच्या ब्रह्मचाऱ्याने ते काम उचललं आणि महाराजा छत्रसालांच्या मदतीने पुरं केलं. विक्रम संवत 1757 चा शिलालेख आहे तिथे, म्हणजे इसवी सन 1700 च्या आसपासचा. छत्रसाल म्हटल्यावर आपल्याला लगेच थोरले बाजीराव आठवतात, 1729 साली बाजीराव बुंदेलखंडात त्यांच्या मदतीला धावून गेले तेच हे छत्रसाल, फक्त ही गोष्ट त्याच्या जवळपास तीस वर्षं आधीची.

मी आज्जीकडे बघितलं. ती काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती आणि तिला त्यात काहीच नवल वाटलेलं नव्हतं. "मग? दर्शनाशिवाय कसं जेवायचं त्येंनी," एवढंच म्हणाली.

म्हणजे बघा, एका माणसाने न जेवण्याचा नियम पाळला म्हणून देऊळ सापडलं आणि पुन्हा उभं राहिलं. पैसा, राजा, गवंडी, दगड हे सगळं नंतर आलं.

आता त्या गोष्टीतला आपल्या काळातला माणूस, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. दिगंबर जैन मुनी आचार्य विद्यासागर महाराज.

उत्तरेतले लोक त्यांना बुंदेलखंडाचेच समजतात, इतकी वर्षं ते तिकडे फिरले. पण आमच्या आज्जीसाठी ते कायम "आमच्या सदलग्याचं पोर". सदलगा म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलं, चिकोडी तालुक्यातलं गाव, आमच्या इचलकरंजीपासून फार लांब नाही आणि आज्जीचं माहेर त्याच पट्ट्यातलं, जिथे घरात कानडी बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि भांडताना दोन्ही. 10 ऑक्टोबर 1946, शरद पौर्णिमेच्या दिवशी तिथे मल्लप्पा अष्टगे आणि श्रीमंती यांच्या पोटी विद्याधर जन्मला. लहानपणी शेडबाळला त्याने आचार्य शांतिसागर महाराजांचं प्रवचन ऐकलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते घर करून राहिलं असं सगळेच सांगतात. शांतिसागर महाराज म्हणजे आमच्या भागातलं मोठं नाव, भोजचे पाटील, ज्यांनी विसाव्या शतकात दिगंबर मुनींची परंपरा पुन्हा ताठ उभी केली आणि 1955 ला कुंथलगिरीला 36 दिवसांची सल्लेखना घेतली, म्हणजे आहार सोडत सोडत शांतपणे देह ठेवला.

नववीपर्यंत कानडी शाळा, आणि विशी लागायच्या आसपास पोरगा घर सोडून राजस्थानात. आधी जयपूरला आचार्य देशभूषण महाराजांकडे ब्रह्मचर्य व्रत, मग अजमेरकडे ज्ञानसागर महाराजांजवळ. ज्ञानसागर महाराज तेव्हा वयाने खूप झालेले, संस्कृतचे प्रकांड पंडित. त्यांनी नाव विचारलं, याने विद्याधर सांगितलं. तर ते म्हणाले की विद्याधर तर आकाशात उडणारे असतात, तूही विद्या घेऊन उडून जाशील. हे ऐकून त्या पोराने तिथल्या तिथे वाहनाचा आजन्म त्याग केला. बसायचंच नाही कशात, मग उडणार कुठून? हिंदी धड येत नव्हतं, संस्कृत तर सोडाच, अशा अवस्थेत शिकायला बसला तो मुलगा. 30 जून 1968 ला अजमेरला मुनिदीक्षा झाली.

आणि मग 22 नोव्हेंबर 1972, नसिराबाद. हा प्रसंग मी कितीही वेळा ऐकला तरी गळ्याशी काहीतरी येतं. ऐंशी वर्षांचे ज्ञानसागर महाराज स्वतःच्या आचार्यपदाच्या आसनावरून उठले, सव्वीस वर्षांच्या शिष्याला त्यावर बसवलं, आणि स्वतः खाली बसून त्यालाच नमस्कार करून विनंती केली की आता मला सल्लेखना द्या, तुमच्या चरणी माझी समाधी होऊ दे. गुरू शिष्याच्या पुढे खाली बसला. पुढच्या वर्षी 1 जूनला ज्ञानसागर महाराजांची समाधी झाली, आणि शेवटपर्यंत त्यांची सेवा या आमच्या सदलग्याच्या पोरानेच केली.

घरचं सांगायचं तर आईवडील दोघांनी दीक्षा घेतली, दोन धाकटे भाऊ मुनी झाले, योगसागर आणि समयसागर, दोन्ही बहिणी त्याच वाटेवर गेल्या. थोरले भाऊ महावीर तेवढे घरी राहिले. आज्जी हे सांगताना दरवेळी थांबते. एक पोरगं गेलं तर आई रडते, तिथे आईच पोरामागनं गेली, असं काहीतरी म्हणते आणि मग पदराने डोळे पुसते.

आहाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांना कल्पना येत नाही. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत घेतात, आणि पाणीही त्याच वेळेला. घरासमोर सगळे शुद्ध कपडे घालून, हातात कलश आणि श्रीफळ घेऊन उभे राहतात, हे स्वामी नमोस्तु नमोस्तु नमोस्तु, अत्र अत्र तिष्ठ तिष्ठ, असं म्हणून पडगाहन करायचं, आणि त्यांनी मनात जो विधी, म्हणजे जी अट धरली असेल ती जुळली तरच ते थांबतात, नाहीतर पुढे. घासात केस निघाला, मेलेली मुंगी निघाली की अंतराय, त्या दिवसाचं जेवण संपलं, आता उद्या. विद्यासागर महाराजांनी यात आणखी मीठ सोडलं होतं, साखर सोडली होती, फळं, हिरव्या भाज्या सोडलेल्या. झोपायला चटईसुद्धा नाही, थंडीतही नुसता लाकडी पाट. असं पन्नास पंचावन्न वर्षं.

आता मला कित्येक वर्षं छळणारा प्रश्न. मुनीला जमीन खणायची परवानगी नाही, कारण मातीतसुद्धा जीव आहेत. पैशाला हात लावायचा नाही. पाय पुढे टाकताना चार हात जमीन बघून टाकायचा. कृत, कारित, अनुमोदित, म्हणजे स्वतः करणं, करवून घेणं आणि केलेल्याला बरं म्हणणं, पापाच्या बाबतीत तिन्ही बंद. मग असा माणूस एवढी मोठी दगडी देवळं उभी कशी करतो?

याचं उत्तर मला पुस्तकात नाही सापडलं, कुंडलपूरला धर्मशाळेत भेटलेल्या एका वयस्कर काकांकडून मिळालं, त्यांचं आयुष्य महाराजांच्या मागे चालण्यात गेलेलं. ते म्हणाले, महाराजांनी कधी बांधा म्हटलं नाही. कमिटीवाले नकाशे घेऊन जायचे, पायाशी ठेवायचे, आणि ते एकच शब्द म्हणायचे, "देखो". हा त्यांचा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, चातुर्मास कुठे करणार विचारलं तरी देखो, विहार, म्हणजे पुढच्या गावाला पायी निघणं, कधी विचारलं तरी देखो. कुठे जाणार ते कधी कुणाला सांगितलं नाही, म्हणून त्यांना अनियत विहारी म्हणायचे. सकाळी आहार झाला, सामायिक म्हणजे ध्यान झालं, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू उचललं आणि निघाले, मागे अख्खं गाव धावतंय चपला शोधत. तर त्या "देखो" मधे ते काम तुमच्यावर सोपवलं जायचं. तुम्हाला करायचंय तर तुम्ही करा, गृहस्थाचा धर्म वेगळा, वस्तूंनी करायची द्रव्यपूजा तुमची, माझी मनातली भावपूजा. पण त्यांच्यासमोर बसून आलेला माणूस घरी जाऊन काहीतरी सोडायचा. कुणी रात्रीचं जेवण सोडलं, कुणी गुटखा, कुणी दुकानातला खोटा माल. आणि एकदा सोडायची सवय लागली की देवळासाठी पैसा सोडणं अवघड जात नाही. काकांनी इतक्या साध्या शब्दात हे सांगितलं की मला वाटलं, एवढंच होतं तर.

कुंडलपूरला महाराज पहिल्यांदा 1976 साली चातुर्मासाला आले. तेव्हा बडे बाबा डोंगरावरच्या जुन्या देवळात होते, ते छत्रसालांच्या वेळचं. गाभारा लहान, दार लहान, आत दहा माणसं गेली की श्वास कोंडायचा, भिंतींना भेगा. 22 मे 1997 ला जबलपूरला मोठा भूकंप झाला, तेव्हापासून तर तिकडच्या लोकांच्या मनात धास्तीच बसली. मग नवीन मोठं दगडी मंदिर बांधायचं आणि मूर्ती तिथे न्यायची असं ठरलं. 17 जानेवारी 2006 ला बडे बाबांना जुन्या जागेवरून क्रेनने उचलून नव्या वेदीवर आणलं. एवढी प्रचंड मूर्ती, एवढी जुनी, जरा काही झालं असतं तर? तिथे हजर असलेले लोक आजही सांगताना हात जोडतात.

पुरातत्त्व खात्याने यावर जोरदार हरकत घेतली. प्रकरण कोर्टात गेलं, काम अडलं, वर्षानुवर्षं ते चाललं. आणि इथे माझं मत सांगते, आमच्या घरात ते कुणाला पटत नाही तरी. मला खात्याची बाजूही कळते. जुनं देऊळ तीनशे वर्षांचं होतं, भिक्षा मागून बांधलेलं होतं, त्याचा एकेक दगड कुणाच्या तरी उपवासाचा होता, आणि बडे बाबा त्या जागेवरून हलले याचं मला वाईट वाटतं. दुरुस्ती म्हणजे आहे ते जपणं असं मला वाटतं. पण वडील म्हणतात की मूर्ती ही म्युझियममधली वस्तू नाही, तिच्यासमोर रोज अभिषेक होतो, माणसं रडतात, आणि जिवंत देवळाचा जीर्णोद्धार असाच होत आलाय, 1700 साली तरी काय वेगळं झालं होतं. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाहीये. दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

फेब्रुवारी 2022 ला तिथे पंचकल्याणक महोत्सव, म्हणजे मूर्तिप्रतिष्ठेचा सोहळा झाला, महाराज स्वतः आणि त्यांचा एवढा मोठा संघ, लाखो माणसं. आम्ही गेलो त्यानंतर, डिसेंबरच्या थंडीत, गर्दी ओसरल्यावर. नवीन मंदिराचं शिखर 189 फूट, नागर शैलीतलं, लोखंड सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून केलेलं. ओडिशा राजस्थानकडचे कारागीर काही ठिकाणी अजून छिन्नी घेऊन बसलेले होते आणि त्या टकटक आवाजातच आत पूजा चालली होती.

आज्जीला पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, डोलीवाल्यांनी वर आणलं. पहाटेचा पहिला अभिषेक. मी मूर्तीपासून बऱ्यापैकी जवळ होते. पाण्याची धार डोक्यावरून निघाली, कपाळावर दोन झाल्या, गालावरून उतरताना जरा अडखळल्या आणि मग खांद्यावर केसांच्या त्या बटा आहेत ना, त्यांच्या खाचांमधून एकेक थेंब वेगळा वेगळा होऊन खाली आला. लालसर दगड ओला झाल्यावर गडद झाला, जिवंत त्वचेसारखा. आज्जी शेजारी खुर्चीत होती. तिने हात जोडले नव्हते, नुसती बघत होती, तोंड थोडं उघडं, लहान मुलीसारखी. परत येताना डोलीत म्हणाली, "आता इथंच चहा दिला तरी चालंल."

महाराजांचं दर्शन मात्र आम्हाला तिथे झालं नाही. त्या वर्षीचा त्यांचा चातुर्मास आपल्या महाराष्ट्रातच होता, वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरला, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या गावी. पाऊण शतक ओलांडलेला माणूस पायी पायी विदर्भात. रामटेकलाही ते अनेकदा थांबले, तिथल्या शांतिनाथ मंदिराचं मोठं दगडी काम आणि मुलींची प्रतिभास्थली शाळा त्यांच्याच प्रेरणेची. त्यांचे शिष्य सुधासागर महाराज यांचं देवगडचं कामही ऐकण्यासारखं आहे, उत्तर प्रदेशात ललितपूर जिल्ह्यात, जिथे मूर्तीचोरांनी मूर्तींची मस्तकं कापून नेली होती आणि पडलेली देवळं आणि भंगलेल्या मूर्ती पुन्हा सावरून उभ्या केल्या गेल्या. गोशाळा, हातमाग, तुरुंगातल्या कैद्यांना हातमागावर काम, हे सगळं वेगळंच आहे, त्यावर परत कधीतरी.

17 फेब्रुवारी 2024 च्या रात्री, म्हणजे तारीख 18 लागली होती, पहाटे अडीचच्या सुमाराला छत्तीसगडला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर त्यांची समाधी झाली. तीन दिवस आधी आहार आणि बोलणं सोडलं होतं. आचार्यपद त्याच्याही आधी सोडलं, जसं गुरूंनी सोडलं होतं तसंच. एप्रिलमधे समयसागर महाराज आचार्य झाले आणि तो सोहळा झाला कुंडलपूरलाच, बडे बाबांच्या समोर. सदलग्याच्या त्याच घरातला धाकटा भाऊ.

ही बातमी मी सकाळी मोबाईलवर बघितली आणि लगेच गावी फोन केला. आईने उचलला. आज्जीला सांगितलं का विचारलं तर म्हणाली, सांगितलं, ऐकून घेतलं आणि वाटी घेऊन बस्तीत गेली.

बस्तीचं राहिलंच की. पूर ओसरल्यावर आमच्या बस्तीची अवस्था बघवत नव्हती. पार्श्वनाथांची मूर्ती पाण्याखाली राहून सुखरूप होती, पण भिंतींवरचं सगळं फुगून आलेलं. वीसेक वर्षांपूर्वी कुणा ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेतली होती, त्याने काळ्या दगडावर सिमेंटचा गिलावा चढवला, वर ऑइलपेंट फासला, आणि त्यामुळे आत गेलेली ओल बाहेरच येईना. सिमेंट ओल कोंडून धरतं. गिलाव्याचे हातभर पोपडे खाली पडायचे आणि त्यांच्यासोबत दगडाचाही पातळ पापुद्रा सुटून यायचा. मीटिंग झाली, बहुतेकांचं म्हणणं पडलं की सगळं पाडून आरसीसीचं करू, ग्रॅनाइट लावू, आत संगमरवर.

त्याच हिवाळ्यात एक त्यागी विहार करत गावात दोन दिवस थांबले. लोकांनी त्यांना नवीन बस्तीचा नकाशा दाखवला. त्यांनी पाडा म्हटलं नाही, ठेवाही म्हटलं नाही. प्रवचनात एवढंच विचारलं की रोज दर्शन घेतल्याशिवाय न जेवणारी माणसं या गावात किती आहेत, हात वर करा. आज्जीचा हात वर गेला. आणखी दोन म्हाताऱ्यांचे गेले. बाकी मंडप शांत. मग ते म्हणाले, आधी ही संख्या वाढवा, मग भिंतींचं बघू. त्या दिवशी आणखी अकरा जणांनी नियम घेतला, माझ्या वडिलांनीही घेतला, ज्यांना सकाळी उठल्या उठल्या चहा लागायचा.

आणि झालं काय, की रोज बस्तीत जाणाऱ्या माणसाला तिच्या भिंती दिसायला लागतात. वडिलांनाच एका सकाळी गाभाऱ्याच्या चौकटीवर पोपड्याखाली काहीतरी कोरलेलं दिसलं. नखाने खरवडलं तर कमळाची पाकळी. मग पाडायचा विषय मागे पडला. पाथरवट शोधून आणला, चुन्याचं काम जाणणारा एक म्हातारा गवंडी सापडला. सिमेंट हातोडीने नाही काढलं, लहान छिन्नीने इंच इंच करत, आणि रंग बांबूच्या चपट्या काड्यांनी आणि ओल्या गोणपाटाने. खाली निळा रंग, त्याखाली गुलाबी, त्याखाली चुन्याचे थर, किती ते मोजायचं सोडून दिलं, आणि त्या सगळ्याखाली दगड. चुना भिजवून महिनाभर मुरवला, त्यात बारीक वाळू, गूळ आणि हिरड्याचं पाणी. चुना कालवायचं पाणीसुद्धा दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं, हे आज्जीचं काम. तिने ते कुणाला करू दिलं नाही, बादलीशेजारी पाट टाकून बसायची, आणि फडक्यावर राहिलेले जीव परत विहिरीच्या पाण्यात सोडायला लावायची. पावसाळा आला की काम बंद, दिवाळीनंतर परत सुरू, त्यात लॉकडाऊन, त्यात 2021 चा पूर. अजून शिखराचं राहिलंय.

या मे महिन्यात गेले होते तेव्हा कामासाठी बांबूची परांची बांधलेली होती, आत जायला वाकून जावं लागत होतं. साडेसहाला आज्जी निघाली. मी म्हटलं, धर माझा हात. तर म्हणाली, तू फुडं हो, बांबू बगून चाल. परांचीखालून ती वाकून आत गेली, चौकटीवरच्या त्या कमळाला हात लावला, हात स्वतःच्या डोळ्यांना लावला, आणि पाटावर तांदळाचा स्वस्तिक काढायला बसली. गवंडी वर उभा होता, त्याने थापी बाजूला ठेवली आणि तिचं होईपर्यंत थांबला.